वीट झाली, वीटही आला: ब्रेडबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात सहज लिहिलं की घरी ब्रेड करताना काही अडत असेल तर विचारा, आणि झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा नुसता पाऊस. वरून करपलेले, आतून कच्चे, एका बाजूला कललेले, एक तर चक्क पोळपाटासारखा सपाट. खरं सांगू, मला बघून बरंच वाटलं, कारण माझा पहिला ब्रेड याहून भयंकर होता. उकळतं दूध थेट यीस्टवर ओतलं होतं मी, आणि जे काही ओव्हनमधून बाहेर आलं ते आमच्या ह्यांनी गॅलरीच्या दाराला टेकू म्हणून लावलं, दोन दिवस दार आपटलं नाही. असो. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, सहा महिन्यांत युट्यूबवरच्या अकरा रेसिपी करून झाल्या. मिल्क ब्रेड, फोकाचिया, न मळता करायचा तो, ब्रियोश, सगळं. एकही धड नाही. रेसिपीत लिहितात तासभर ठेवा दुप्पट होईल, माझं तासाभरात ढिम्म हलत नाही. विटा होतायत आणि आता मला वीट आलाय. यीस्ट खराब आहे की माझा हात? (इंदिरानगर)

हात उत्तम आहे, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत पोळ्यांचा डबा पण दिसतोय आणि त्या पोळ्या बघून मला भूक लागली. आता मला सांगा, पोळी कशी शिकलात? एक दिवस पोळी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी रुमाली रोटी असं केलं होतं का? अकरा रेसिपी एकेकदा केल्या म्हणजे अकरा वेळा पहिलीच वेळ झाली की हो. एक कुठलीतरी साधी घ्या, मिल्क ब्रेडच घ्या, आणि तीच चार वेळा करा, दर वेळी फक्त एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल तरी.

यीस्टचं म्हणाल तर दहा मिनिटांत कळतं. अर्धी वाटी कोमट पाणी, म्हणजे बोट घातलं तर ना गार ना गरम लागेल असं, त्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत वर फेस आला तर जिवंत आहे, नाही आला तर पाकीट फेकून द्या, जीव लावू नका. पाणी 35 ते 40 अंश असावं, 60 च्या आसपास गेलं की यीस्ट मरतं, माझं मेलं होतं तसं. आणि पाकिटावर काय लिहिलंय ते पण बघा. इन्स्टंट 5 ग्रॅम लागत असेल तिथे अ‍ॅक्टिव्ह ड्राय साधारण साडेसहा ग्रॅम आणि ओलं ताजं यीस्ट 15 ग्रॅम लागतं. रेसिपीत ताजं लिहिलेलं असताना तेवढंच इन्स्टंट घातलं तर पीठ पातेल्याबाहेर फिरायला निघतं, आणि उलट केलं तर तुमच्यासारखं होतं.

दुसरं म्हणजे कप. तुम्ही लिहिलंय "तीन कप मैदा". मैदा चमच्याने हलका भरला तर कपात 120 ग्रॅम बसतो, डब्यातून कपाने दाबून उपसला तर 150 पर्यंत जातो, म्हणजे तीन कपांत नव्वदेक ग्रॅमचा फरक, आणि पाणी मात्र तेवढंच. वीट तिथेच तयार झाली, ओव्हनचा काही दोष नाही त्यात. डिजिटल वजनकाटा घ्या. नवीन साचा, नवीन ब्रश, नवीन चाकू हे सगळं नंतर.

आणि सगळ्यात मोठं कारण, तुम्ही यातलं बरंचसं डिसेंबर-जानेवारीत केलंत! निफाडला पारा पाच-सहाच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिकातल्या ओट्यावरचं पीठ काय तासात फुगणार? इडलीचं पीठ थंडीत आपण गोधडीत गुंडाळून ठेवतो ना, तेव्हा घड्याळ बघतो का, पीठ बघतो. तसंच हे. 27-28 अंशाला जे तासाभरात होतं त्याला 17-18 ला दोन-अडीच तास सहज लागतात. बंद ओटीजीत पिठाचं भांडं ठेवा, खाली वाटीत कडकडीत पाणी ठेवा, दार लावा (ओव्हन चालू करायचा नाही, एका मैत्रिणीने केला आणि प्लास्टिकचं झाकण वितळलं). दुप्पट झालं का ते कळत नसेल तर ओलं बोट खुपसा. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर झालंय, तसाच राहिला तर उशीर केलात.

मे महिन्यात मात्र हेच पीठ चाळीस मिनिटांत फसफसेल, तेव्हा माठातलं गार पाणी वापरायचं आणि यीस्ट कमी करायचं. रेसिपी लिहिणारीच्या ओट्यावर कुठला महिना चालू होता ते व्हिडिओत कोणी सांगत नाही.

यीस्ट शाकाहारी असतं का? सासूबाई चातुर्मासात घरात आणू देत नाहीत. (पंचवटी)

यीस्ट ही एकपेशीय बुरशी, मश्रूमच्या कुळातली. प्राणी नाही. पण चातुर्मासात कांदा-लसूण पण प्राणी नसूनच बंद असतात ना, त्यामुळे हा वाद मी विज्ञानाने जिंकून देऊ शकत नाही. सासूबाईंना विचारा इडली चालते का. चालत असेल तर आंबवणं त्यांना चालतंय, तिथून बोलणं सुरू करा. नाहीच जमलं तर खायचा सोडा आणि ताक घालून करतात तो ब्रेड करा, त्याला यीस्ट लागतच नाही, फुगायला ठेवायचा पण नसतो, चाळीस मिनिटांत ओव्हनमधून बाहेर.

घरच्या गव्हाचा, गिरणीवर दळलेल्या पिठाचा ब्रेड करते. मैदा अजिबात नको आहे. चव छान, पण जड होतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा. कोणता गहू घेऊ? (सिडको)

हा प्रश्न मला फार आवडतो कारण आपण नाशिककर गव्हाच्या बाबतीत बसलोय कुठे ते आपल्यालाच माहीत नसतं. निफाडला कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, तिथून निघालेल्या वाणांची नावं बघा, त्र्यंबक, तपोवन, गोदावरी! त्र्यंबक आणि तपोवन हे पोळीचे सरबती गहू, गोदावरी हा बन्सी म्हणजे कठीण दाण्याचा, रवा-शेवया-पास्त्याच्या कामाचा. ब्रेडसाठी बन्सी नको, त्याच्या पिठाला चिवटपणा येतो पण फुग्यासारखं ताणलं जात नाही. खपलीचं पण तेच, पौष्टिक असेल, पण नुसत्या खपलीचा ब्रेड फुगवणं म्हणजे पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरणं. लोकवन, त्र्यंबक, तपोवन यातलं जे तुमच्या दुकानात मिळेल ते चालेल.

आता जड का होतो. कोंड्याचे बारीक कण चाकूसारखे असतात, ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे कापत जातात, हे एक. दुसरं, गिरणीच्या दगडात पीठ बारीक दळताना स्टार्चचे कण मोडतात आणि मोडलेला स्टार्च पाणी जास्त पितो. पोळीला हे वरदान आहे, म्हणून तर ती मऊ राहते. ब्रेडला मात्र तुम्ही मैद्याइतकंच पाणी घालता, पीठ ते सगळं पिऊन टाकतं आणि आत काही उरत नाही, मग भुगा.

उपाय असा की पाणी वाढवा. 500 ग्रॅम मैद्याला 310-325 ग्रॅम पाणी लागतं, तेवढ्याच गिरणीच्या पिठाला 370-380 घ्या, पीठ हाताला चिकटेल, चिकटू द्या, वर पीठ भुरभुरवू नका, हाताला तेल लावा. आणि मळायच्या आधी नुसतं पीठ-पाणी कालवून झाकून अर्धा-पाऊण तास ठेवा, मीठ आणि यीस्ट नंतर. कोंडा त्या वेळात भिजून मऊ होतो आणि अर्ध्याहून जास्त मळण्याचं काम आपोआप होतं, जे तुम्ही कणीक भिजवून ठेवता तेव्हा रोज करताच. पीठ गिरणीतून गरम आणलं असेल तर पूर्ण गार होऊ द्या. चाळणीने जाड कोंडा काढला तरी फरक पडतो, तो कोंडा नंतर ब्रेडला बाहेरून लावा, वाया जात नाही.

"मैदा अजिबात नको" म्हणालात तर ठीक, पण पहिले दोन-तीन वेळा निम्मा घालून बघा, हात बसला की कमी करत जा. दुकानातला ब्राऊन ब्रेड आणून मनाचं समाधान करण्यापेक्षा ते बरं, त्यातल्या बऱ्याच ब्रेडचा रंग कॅरमेलचा असतो, पाकीट उलटं करून वाचा.

नाशिकची मिसळ घरी जमते, पण सोबतचा पाव बेकरीसारखा होत नाही. (गंगापूर रोड)

मिसळ जमते म्हणताय म्हणजे अर्धा गड सर झाला. पाव हा मुळात पोर्तुगीजांचा पाँव, गोव्यातून आपल्याकडे आलेला, आणि तो विटांच्या भट्टीत भाजला जातो, तिथे खालून-वरून-बाजूने सगळीकडून उष्णता येते आणि एका वेळी इतक्या लाद्या आत असतात की त्यांचीच वाफ भट्टीत भरून राहते. आपल्या ओटीजीत दोन दांड्या आणि एक ट्रे. तेव्हा तो पाव हुबेहूब होणार नाही, पण मऊपणा आणता येतो, त्याची युक्ती आशियाई बेकऱ्यांमधली आहे आणि आपल्याला ती फार सोपी जाते कारण आपण उकड काढतो.

25 ग्रॅम मैदा आणि 125 ग्रॅम पाणी गुठळी न होता कालवून मंद गॅसवर हलवत राहा, खळीसारखं घट्ट झालं, चमच्याची रेघ उमटायला लागली की उतरवा, उकळायचं नाही, 65 अंश पुरे. गार करा. त्यात 475 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम कोमट दूध, 6 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 20 ग्रॅम साखर, 9 ग्रॅम मीठ. मळून गोळा झाला की 30 ग्रॅम लोणी थोडं थोडं, आणि मग मळा, मळा, मळा. हाताने पंधरा-वीस मिनिटं. गोळ्यातून थोडंसं पीठ घेऊन बोटांनी ताणलं तर न फाटता पडद्यासारखं पातळ व्हायला हवं, पलीकडचा उजेड दिसेल इतकं. बहुतेक जणी इथेच कंटाळतात आणि मग मला लिहितात की रेसिपी चुकीची आहे.

दुप्पट झालं की 16 गोळे, प्रत्येकी 55 ग्रॅम, 9 इंची चौकोनी ट्रेमध्ये चार-चारच्या ओळीत जवळ जवळ. ही जवळीक महत्त्वाची, पाव बाजूला पसरू शकला नाही की वर उठतो आणि कडा पांढऱ्या मऊ राहतात, लादी म्हणतात ती त्याचीच. पुन्हा फुगले, एकमेकांना टेकले की वरून दूध लावा, 190 अंशाला 18 ते 20 मिनिटं, ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापलेला हवा. काढल्या काढल्या लोणी फिरवायचं आणि ओलसर फडकं टाकून ठेवायचं. हे फडकं विसरलात तर वरची साल कडक होते आणि मग तो मिसळीचा पाव राहत नाही.

माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाईचं सामान घेऊन भट्टीवर नंबर लावायचो, पत्र्याच्या ट्रेवर खडूने नाव. तेव्हा भट्टीवाल्यांना काही विचारायचं सुचलं नाही, आज शंभर प्रश्न असते.

ताई, मी बारावीनंतर घरीच आहे. आमची द्राक्षबाग आहे (पिंपळगाव बसवंत). द्राक्षांपासून सावरडो स्टार्टर (विकतच्या यीस्टशिवाय ब्रेड आंबवायचं विरजण) करता येतो असं पाहिलं, द्राक्षावर नैसर्गिक यीस्ट असतं म्हणे. करू का?

कर की, पण द्राक्षांशिवाय. द्राक्षावर ती पांढरी लव दिसते ना, ती मुख्यतः मेणाची असते. सालीवर यीस्ट असतं हे खरं, वाईन त्यावर होऊ शकते, पण स्टार्टरमध्ये शेवटी तेच जीव टिकतात ज्यांना पीठ खायला आवडतं आणि ते पिठातच असतात. शिवाय बागेवर किती फवारण्या झाल्यात ते मी तुला सांगायचं का!

काचेच्या बरणीत 50 ग्रॅम गव्हाचं पीठ, 50 ग्रॅम पाणी, झाकण सैल. रोज त्यातलं 50 ग्रॅम ठेवायचं, बाकी काढायचं, पुन्हा 50-50 घालायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धडाधड बुडबुडे येतील, वास घाण येईल, आणि तू मला आनंदाने फोटो पाठवशील. ते यीस्ट नाही, ते भलतेच बॅक्टेरिया. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं शांत होईल आणि तू म्हणशील मेलं. इथेच निम्मे लोक बरणी धुऊन टाकतात. मेलेलं नसतं, आंबटपणा वाढून ते भलते जीव हटतात आणि खरे हळूहळू जोर धरतात. आठवडा ते दोन आठवडे दे. खायला घातल्यावर चार-सहा तासांत दुप्पट व्हायला लागलं, तेही तीन-चार दिवस सलग, की ब्रेड कर. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा खायला घालावं लागेल, नाहीतर नाकात जाणारा व्हिनेगरचा वास सुटतो. बुरशी किंवा गुलाबी-नारिंगी छटा दिसली तर मात्र सरळ फेक.

काढलेलं पीठ टाकू नकोस. पहिला आठवडाभर जनावरांना नाहीतर झाडांना, नंतर कांदा-मिरची-कोथिंबीर घालून धिरडी. आमच्याकडे ब्रेडपेक्षा धिरड्यांचीच मागणी जास्त आहे.

आणि बागेचं काही घालायचंच असेल तर बेदाणे घाल, अर्धा तास भिजवून, निथळून. कोरडे घातले तर ते ब्रेडमधलं पाणी ओढून घेतात.

पावसाळ्यात घरचा ब्रेड दुसऱ्या दिवशी आतून चिकट झाला, तोडला तर तारा निघाल्या आणि पिकल्या फळासारखा वास. बुरशी कुठेच नाही. कच्चा राहिला का? (सातपूर)

खाल्ला नाहीत ना? टाकून द्या, टोस्ट करून पण नको. हा कच्चेपणा नाही, हा बॅसिलस जातीच्या बॅक्टेरियाचा प्रताप आहे. ते पिठात आधीच असतात, त्यांची बीजं ओव्हनच्या उष्णतेत पण मरत नाहीत, कारण ब्रेडचा मधला भाग शंभर अंशाच्या वर जातच नाही. बाहेर उकाडा, दमट हवा, आणि तुम्ही गरम ब्रेड पिशवीत घालून बांधलात की त्यांची दिवाळी. गव्हाच्या पिठाच्या ब्रेडमध्ये जास्त होतं.

ओटा, परात, साचा, ब्रेडचा डबा सगळं साबणाने धुऊन व्हिनेगरने पुसा, जुनं पीठ संपवा. पुढच्या वेळी 500 ग्रॅम पिठाला चमचाभर व्हिनेगर घाला, चव लागत नाही, पण आंबटपणात हे जीव वाढत नाहीत. सावरडोला हा त्रास सहसा होत नाही तो याचमुळे. ब्रेड नीट भाजा (खालून ठोकला तर डब्यासारखा पोकळ आवाज यायला हवा) आणि जाळीवर पूर्ण गार करा, दोन तास तरी. मला माहितीये, दोन तास कोणी थांबत नाही.

मग फ्रीजमध्ये ठेवू का? (नाशिकरोड)

फ्रीजच्या थंडीत ब्रेड सगळ्यात लवकर शिळा होतो, त्यातला स्टार्च परत कडक होतो. दोन दिवसांचा बाहेर, बाकीचा स्लाइस करून फ्रीजरमध्ये, लागेल तेवढे स्लाइस काढून थेट तव्यावर. पावसाळ्यात बाहेर एकच दिवस.

ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल का? (देवळाली कॅम्प)

होईल. शिट्टी आणि रिंग काढा, आत स्टँड, दहा मिनिटं मध्यम आचेवर रिकामा तापवा, मग डबा ठेवून मंद आचेवर 35-40 मिनिटं. पाणी घालायचं नाही. खाली मीठ घाला म्हणतात, मी अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये घालत नाही, तळाला खड्डे पडतात, जाड बुडाची जुनी कढई आणि वर झाकण त्याहून बरं. रंग मात्र वरून येणार नाही, तेव्हा झाला की तव्यावर लोण्यात उलटा भाजून घ्या. लादी पाव असा छान होतो, उंच ब्रेड नाही.

पाव ओव्हनमध्ये असतानाच लाईट गेली. काय करायचं होतं? (जेलरोड)

दार उघडायचं नव्हतं! पहिली दहा मिनिटं झाली असतील तर आतल्या उष्णतेवर बरंच भागतं, लाईट आल्यावर पाच-सात मिनिटं जास्त द्या. नुकतेच ठेवले असतील तर ट्रे काढून वरच्या कुकर-कढईच्या वाटेने जा. आणि अजून आत घातलेच नसतील तर गोळे फ्रीजमध्ये, संध्याकाळी भाजा, चव उलट चांगली लागते.

केकच्या सामानाच्या दुकानात सुट्टं "ब्रेड इम्प्रूव्हर" मिळालं, घालू का? (अंबड)

पाकिटावर काय काय आहे ते लिहिलेलं नसेल तर नाही. अशा पावडरींत पोटॅशियम ब्रोमेट नावाचं रसायन पूर्वी चालायचं, 2016 मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. घरी त्याची गरजच काय, आपल्याला काय हजार लाद्या काढायच्यात?

नातवंडं ब्रेड-ब्रेड करतात, मला आपली बाजरीची भाकरी येते. बाजरीचा ब्रेड होतो का गं? (त्र्यंबकेश्वर)

आजी, तुमचं पत्र शेवटी ठेवलं कारण मलाच आधी करून बघायचा होता. नुसत्या बाजरीचा नाही होत, तिच्यात ग्लुटेन नाही, म्हणून तर भाकरी गरम पाण्यात मळून थापावी लागते, लाटता येत नाही. पण तेच गरम पाणी इथे कामाला येतं. 100 ग्रॅम बाजरीच्या पिठात 150 ग्रॅम उकळतं पाणी घालून उकड करा, झाकून पूर्ण गार होऊ द्या (गरम असताना यीस्टला दाखवायची पण नाही), मग 400 ग्रॅम मैदा, 190 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर गूळ आणि चमचाभर तूप. पहिल्यांदा मी उकड न करता कोरडं पीठ घातलं होतं, तर खाताना दाताखाली कचकच आली, नातवंडांनी तोंड वाकडं केलं असतं. उकड केल्यावर नाही आली, आणि भाकरीचा तो खरपूस वास आला.

वरून पाण्याचा हात फिरवून तीळ दाबून लावा, भोगीच्या भाकरीला लावता तसे. 200 अंशाला अर्धा तास. बाजरीचं पीठ ताजंच घ्या, महिनाभराचं कडवट लागतं, पण ते मी तुम्हाला काय सांगायचं. पहिला तुकडा भोगीच्या भाजीबरोबर खा, जॅमबरोबर नको.